झोप रोज पुढं सरकतेय, तर आळशीपणा म्हणू नको

अरे, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, पहाटे साडेतीनला टाकलेला. घरचे म्हणतात पोरगा बिघडला, दिवसा लोळतो आणि रात्रभर मोबाईल ऐकत बसतो. पण तूच म्हणालास ना, मधे काही दिवस झोप झकास लागत होती आणि मग परत गडबड झाली? मला तिथंच शंका आली. टेन्शननं उडालेली झोप अशी पाळी लावून येत-जात नाही रे.

कसंय, मेंदूतल्या घड्याळाचा दिवस बहुतेकांचा २४ तासांपेक्षा थोडा जास्तच भरतो. डोळस माणसाचं घड्याळ उजेड रोज जागेवर आणतो, तो टिपणाऱ्या खास पेशी डोळ्याच्या पडद्यातच असतात. तुला दिसत तर नाहीच, उजेडही कळत नाही, म्हणून घड्याळ सरकत असणार. समज रोज अर्धा तास सरकलं, तर आज रात्री ११ ला येणारी झोप १४ दिवसांनी सकाळी ६ ला येणार, म्हणजे लोक आमराईत फिरायला निघाले की तू आडवा होणार, आणि दीडेक महिन्यानं फिरून परत ११ वर. याला नॉन-२४ म्हणतात, उजेड अजिबात न कळणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जणांना असतो असा अंदाज आहे.

आता एक कर. उठलास की मोबाईलवर बोलून नोंद टाक, ‘सोमवार, झोपलो १२.४०, उठलो ८.१०’, बास एवढंच, दोन महिने. ती घेऊन सांगली-मिरजेत झोपेचं बघणारा डॉक्टर गाठ, नुसतं ‘झोप येत नाही’ म्हणालास तर झोपेची गोळी देऊन वाटेला लावतील आणि तिनं घड्याळ जागेवर येत नाही. मेलाटोनिनचा, म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणाऱ्या हार्मोनच्या गोळीचा उपयोग होतो, पण डोसपेक्षा वेळ महत्त्वाची, भलत्या वेळी घेतलं तर घड्याळ उलटीकडं ढकललं जातं, तेव्हा मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नकोस. उठायची, जेवायची वेळ ठरलेली ठेव, पण बऱ्याच जणांना तेवढ्यानं भागत नाही.

तुझ्या त्या रूममेटला थोडा उजेड कळतो ना, त्याला सांग दिवसभर काळा गॉगल लावून बसू नको, सकाळी जरा उघड्यावर जा. आणि काहींना दिसत काहीच नाही तरी उजेड टिपणाऱ्या त्या पेशी जिवंत असतात आणि घड्याळ जागेवर ठेवतात, म्हणून कुणी डोळा काढायचा विषय काढला तर डॉक्टरला हे आधी विचारायचं.

आईला मी रविवारी फोन करतो, तू मधे बोलू नकोस.