हवा कुठून निसटते? – सुषिर वाद्यांची दुरुस्ती, निगा आणि अध्यापन यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी क्लॅरिनेट शिकवते. माझा एक विद्यार्थी दीड वर्षापासून शिकत आहे. डाव्या हाताचे स्वर तो सुरेल वाजवतो. पण उजव्या हाताची बोटे आली की आवाज कधी विरतो, कधी चिरकतो, आणि खालच्या सप्तकातून वर जाताना मधला ‘बी’ तर बहुतेक वेळा लागतच नाही. मी त्याला ओठ आवळायला आणि बोटे घट्ट दाबायला सांगत आले. हल्ली तो वाद्य हाती घ्यायलाच टाळतो. दोष त्याच्या बोटांचा समजावा की वाद्याचा?

उत्तर : वाद्य तपासून होईपर्यंत विद्यार्थ्याला काहीही सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण स्वतः ते वाजवून पाहिले असेल आणि आपल्याला ते ठीक वाटले असेल, तरी तेवढ्यावर विसंबू नका. अनुभवी वादक नकळत बोटांचा दाब वाढवतो, श्वास सावरून घेतो आणि गळके वाद्यसुद्धा बोलते करतो. शिकणाऱ्याजवळ ती शिदोरी नसते.

क्लॅरिनेटवर जितका खालचा स्वर, तितकी जास्त रंध्रे बंद करावी लागतात. म्हणून वरच्या एखाद्या पॅडखालून (रंध्र झाकणाऱ्या, चावीला लावलेल्या मऊ गादीखालून) हवा निसटत असेल, तर तिचा परिणाम त्याच्या खालच्या सर्व स्वरांवर होतो. आवाज बिघडतो एका जागी आणि दोष असतो भलत्याच जागी. ‘बी’चे गाऱ्हाणे याच जातीचे आहे. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका टोकाशी बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे रजिस्टरची चावी (मागच्या बाजूला अंगठ्याने दाबायचा, स्वर वर नेणारा खटका) दाबली की स्वर सप्तकाने न चढता बाराव्या स्वरावर जातो. तो मधला ‘बी’ म्हणजे सर्वांत खालच्या ‘ई’चीच बोटे आणि वर रजिस्टरची चावी. त्याच्या आधीच्या ‘ए’ला जवळजवळ सगळी नळी उघडी असते आणि ‘बी’ला ती पूर्ण बंद करावी लागते. तेव्हा आधी खालचा ‘ई’ अगदी हळू फुंकून पाहा. तो मंद आवाजात स्थिर राहत नसेल, तर ‘बी’साठी ओठांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर वाद्य सुटे करा. वरच्या भागाची रंध्रे नेहमीच्या दाबाने बंद करा, खालचे टोक तळहाताने झाका आणि वरून हवा ओढा. आत निर्माण झालेली ओढ काही क्षण टिकली आणि तोंड काढताना ‘टप्प’ असा आवाज आला, तर तो भाग निर्दोष आहे. खालच्या भागाचीही अशीच परीक्षा घ्या. ओढ लगेच सुटली, तर सिगारेटच्या कागदाची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून एकेका पॅडखाली ठेवा, चावी हलकेच बंद करा आणि पट्टी ओढा. पॅडच्या कडेला चारपाच ठिकाणी असे करून पाहिले, की जिथे कागद अडखळत नाही तिथे हवेची वाट आहे, हे बोटांनाच कळते.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला मात्र आणखी एका जागेचा संशय येतो. दोन्ही भाग सुटे असताना निर्दोष ठरले आणि जोडल्यावर गळू लागले, तर दोन भागांना जोडणारी सेतूची चावी पाहा. ती किंचित वाकली असेल, तर वरचे पॅड आधी बसते आणि उजव्या हाताच्या कड्यांचे (बोटांच्या रंध्रांभोवती असलेल्या, बोटाबरोबर दबणाऱ्या धातूच्या वर्तुळांचे) पॅड केसभर अधांतरी राहते. मग उजव्या हाताचा एकही स्वर भरवशाचा राहत नाही. ही चावी वाजवताना सहसा वाकत नाही, ती वाकते वाद्य जोडताना. वरच्या भागाच्या कड्या दाबून सेतू उचलून धरायचा आणि मगच भाग थोडे थोडे फिरवत बसवायचे, हे पहिल्याच तासाला शिकवायला हवे, आणि पुढचे काही महिने दर तासाला पाहायलाही हवे. वाकलेला सेतू सरळ करण्याचे काम मात्र कारागिरावर सोपवा; तो तुटला तर डाग देऊन जोडावा लागतो.

पॅडविषयी थोडे सांगतो. क्लॅरिनेटवादक इवान म्युलर यांनी 1812 च्या सुमारास 13 चाव्यांचे क्लॅरिनेट पुढे आणले, तेव्हा सपाट चामड्याऐवजी मऊ भरलेली गादी आणि उंच काठाचे रंध्र ही जोडी त्यांनी वापरली. हवा अडवण्याचे तत्त्व आजही तेच आहे. पॅड रंध्राच्या काठावर सर्व बाजूंनी एकाच क्षणी टेकले पाहिजे. फेल्टवरची पातळ त्वचा फाटली, ओलीने फुगली किंवा पॅड एका बाजूने आधी टेकू लागले, की ते बदलायलाच हवे. बोटांचा दाब वाढवून हा दोष झाकता येतो, पण त्या दाबाची सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला मी कित्येक आठवडे ‘बोटे दाब’ म्हणत राहिलो आणि शेवटी बाजूच्या ट्रिलच्या (दोन लगतचे स्वर भराभर आलटून वाजवण्याच्या) चावीचे पॅड फाटलेले निघाले. मी तिची क्षमा मागितली; पण तिची आखडलेली मनगटे सैल व्हायला त्याहून खूप अधिक काळ लागला. आपणही त्या मुलाला दोष वाद्याचा होता हे स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रश्न : माझ्या नव्या लाकडी क्लॅरिनेटच्या वरच्या भागावर केसासारखी बारीक रेघ दिसू लागली आहे. तेल लावल्यास ती मिटेल का?

उत्तर : तेल लावू नका. तडा तेलाने सांधत नाही, उलट तेल आत मुरले की पुढे डिंक धरत नाही. रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, वाजवणे थांबवा आणि वाद्य कारागिराकडे न्या. तडा वाढतो आहे की नाही, हे त्या खुणांवरून कळेल.

ही वाद्ये बहुधा आफ्रिकी कृष्णकाष्ठाची असतात. हे लाकूड इतके घन असते की ते पाण्यात बुडते. श्वासाची ऊब आणि ओल आतून लाकूड फुगवते, बाहेरची बाजू मात्र कोरडी आणि गार राहते. हा ताण असह्य झाला की लाकूड फाटते, आणि तेही बहुतेकदा वरच्या भागात, ट्रिलच्या रंध्रांच्या आसपास, कारण तिथे ओल सर्वांत जास्त आणि रंध्रांमुळे लाकूड कमी. वरवरचा तडा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट डिंक आणि त्याच लाकडाचा भुसा यांनी भरता येतो. खोल तडा असेल, तर आडव्या खिळी घालून किंवा कार्बन तंतूचा पट्टा बसवून तो आवळून धरतात. तडा रंध्रात शिरला असेल, तर रंध्राला आतून नवे अस्तर द्यावे लागते. नीट दुरुस्त केलेल्या तड्याने वाद्याचा आवाज बिघडत नाही, याची खात्री बाळगा.

यापुढे नवे लाकूड पहिले काही आठवडे दिवसाला 15 ते 20 मिनिटेच वाजवा आणि मग हळूहळू वेळ वाढवा. वाद्य गार असेल, तर त्यात ऊन श्वास फुंकण्याआधी ते बाहेरून हातांनी ऊबदार करा. वाजवून झाल्यावर आतली ओल लगेच पुसा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 40 ते 60 टक्के असणे लाकडाला मानवते. धातूची कडी बोटाने फिरू लागली, तर लाकूड आकसले आहे असे समजा. तड्याआधी मिळणारी ही सूचना बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : मुलीने फ्लूटच्या टोकाची टोपी खेळता खेळता फिरवली. तेव्हापासून खालचे आणि वरचे सप्तक जुळत नाही. काय करावे?

उत्तर : त्या टोपीच्या आत एक बूच आहे आणि टोपी फिरवली की ते सरकते. फुंकण्याच्या छिद्राच्या मध्यापासून ते सुमारे 17 मिलिमीटर अंतरावर असले पाहिजे. वाद्याबरोबर मिळणाऱ्या सफाईच्या सळईवर त्याच अंतरावर खाच असते; सळई आत घालून ती बुचाला टेकवली की खाच छिद्राच्या बरोबर मध्यभागी दिसली पाहिजे. फ्लूटवादक आणि वाद्यकारागीर थियोबाल्ड बोम यांनी 1847 मध्ये सरळ नळी आणि निमुळते होत जाणारे शिर अशी रचना केली, आणि सप्तके जुळणे या शिराच्या मापावर फार अवलंबून असते. बूच सैल असेल, हलवल्यावर आपोआप सरकत असेल, तर ते बदलून घ्या.

प्रश्न : पुसायचा कपडा क्लॅरिनेटमध्ये अडकला आहे. काठीने ढकलू का?

उत्तर : मुळीच नको. वरच्या भागात रजिस्टरची नळी आत डोकावते आणि कपडा बहुधा तिथेच अडतो. तो ज्या बाजूने आत गेला, त्याच बाजूला हलकेच मागे ओढा. येत नसेल तर थांबा आणि कारागिराकडे द्या. यापुढे कपडा पूर्ण उलगडून, गाठ नाही ना हे पाहून मगच ओढा.

प्रश्न : मी एका शाळेत सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट शिकवतो. शिक्षकाने दुरुस्ती कितपत शिकावी, आणि त्यातले विद्यार्थ्यांना काय शिकवावे?

उत्तर : जे पुन्हा पूर्ववत करता येते, तेवढे शिक्षकाने निःशंकपणे करावे. निसटलेली स्प्रिंग हुकाच्या सुईने जागेवर आणणे, चिकटणाऱ्या पॅडखाली कोरडा कागद हलकेच दाबून ओल टिपणे (भुकटी टाकू नये, ती सांध्यांत जाऊन बसते), सैल जोडाला तात्पुरता दोरा गुंडाळणे, ढिला झालेला स्क्रू बसवणे ही कामे त्यांतली आहेत. चावी वाकवणे, ज्योत वापरणे, रंध्राचा काठ घासणे हे कारागिराचे काम आहे. विशेषतः प्लास्टिकच्या वाद्याजवळ ज्योत नेल्यास झालेले नुकसान भरून येत नाही. सॅक्सोफोनसाठी अंधाऱ्या खोलीत नळीच्या आत छोटा दिवा सोडा आणि चाव्या हलक्या बोटांनी बंद करा. जिथून उजेड डोकावेल, तिथून हवाही निसटते.

विद्यार्थ्यांना हा दिव्याचा प्रयोग अवश्य दाखवा. त्याखेरीज रीड (फुंकल्यावर कंप पावणारी वेताची पातळ पट्टी) कोरडी करून डबीत ठेवणे, तीनचार रीड आलटून पालटून वापरणे, माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, कोमट पाण्याने धुणे (गरम पाण्याने एबोनाइटचा, म्हणजे तो ज्या कडक रबराचा असतो त्याचा, रंग उडतो) आणि वाद्य उचलताना चाव्यांवर मूठ न आवळणे, एवढे पहिल्या वर्षी पुरे आहे. दर तासाची शेवटची पाच मिनिटे पुसण्यासाठी राखून ठेवा आणि त्या वेळी घाई करू नका. आणि ‘हा स्वर लागत नाही’ असे एखादे मूल म्हणाले, तर आधी त्याच्याच हातात कागदाची पट्टी द्या.