मांजरासाठी दाराला झडप बसवताना
अगं, सुताराला बोलावण्याआधी मांजर उभं असताना जमिनीपासून त्याच्या पोटापर्यंतची उंची मोज. झडपेची खालची कड तिथंच यायला हवी. टिळकवाडीतल्या आमच्या सागवानी दारात मी भोक अगदी घट्ट कापून घेतलं आणि जुलैच्या झडीत लाकूड फुगून झडप अडकली. चारी बाजूंनी 2-3 मिलिमीटर मोकळे ठेव.

सुरुवातीला झडप चिकटपट्टीनं पूर्ण वर बांध. पलीकडं बसून उकडलेला बांगडा दाखव, नाव घेऊन हाक मार. मग रोज थोडी खाली आण. झडप बंद धरून ठेवणाऱ्या चुंबकाच्या ‘टक्’ आवाजाला आमची मनी कान मागं पाडून बसायची, म्हणून त्यावर कापडी पट्टी लावली. मागून ढकलू मात्र नकोस, एकदा घाबरलं की तिकडं फिरकत नाही. आणि नसबंदी झाल्याशिवाय बाहेरची वाट उघडूच नकोस.