शिक्षकांनी मिळून ऑनलाइन प्रशिक्षण साहित्याचा साठा उभारायचा तर कोणता प्लॅटफॉर्म बरा?

गुगल ड्राइव्ह घ्या नाहीतर गुगल साइट, त्यानं फारसं अडत नाही. तुम्ही लिहिलंय, केंद्रातले शिक्षक तयार आहेत, फक्त प्लॅटफॉर्म ठरत नाहीये. माझ्या मते आधी एवढंच ठरवा : लिहिणाऱ्याचं नाव पानावर राहणार की नाही?

मी नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. लॉकडाऊननंतर आम्ही काही जणांनी असाच साठा सुरू केला होता. त्यात द्विशिक्षकी शाळेवरच्या एका बाईंचं वजाबाकीवरचं पान होतं. आमच्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, मुलंही सोबत जातात. परतलेल्या मुलांच्या वह्या बाईंनी बारकाईनं पाहिल्या. ५२ वजा २७ चं उत्तर कितीतरी मुलांनी ३५ लिहिलेलं. आपण म्हणून मोकळे होतो, हातचा विसरला. पण काही मुलं सरळ ७ मधून २ काढत होती, तर काही दशक सुटा करून १२ मधून ७ काढत होती आणि दशक कमी करायचा राहत होता. उत्तर दोघांचंही ३५! म्हणून बाईंनी लिहिलं, ५३ वजा २७ द्या. पहिलं मूल ३४ लिहील, दुसरं ३६. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात द्या. दुसऱ्याला गठ्ठा सोडल्यावर उरलेले गठ्ठे मोजून लिहायला लावा, तेवढं पुरतं.

आठवडाभराच्या प्रशिक्षणात मला असं काही मिळालेलं नाही. नवीन शैक्षणिक धोरण शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगतं. तो अशा पानांतून होतो, नुसते व्हिडिओ पाहून होत नाही.

पुढे एका बैठकीत हेच पान पडद्यावर आलं. वह्यांचे फोटो तेच, बाईंचं नाव कापलेलं, खाली सादरकर्त्याचं. मी तिथेच उभं राहून विचारलं. उत्तर मिळालं, "गुरुजी, ज्ञान सगळ्यांचं असतं, नावाचं काय घेऊन बसलात?" बाई मागच्या रांगेत होत्या. त्यानंतर त्यांनी साठ्यात एक ओळ टाकली नाही, आणि हळूहळू बाकीच्यांनीही.

ज्ञान सगळ्यांचं असतं हे मलाही मान्य आहे. म्हणूनच क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय परवाना आहे. वापरा, बदला, वाटा, पण मूळ लेखकाचं नाव द्यावंच लागतं. फुकट वाटणं आणि नाव पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या बैठकीतल्यांना हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत नाव, शाळा, इयत्ता आणि परवाना टाका. दुसऱ्यानं भर घातली की त्याचं नाव खाली.

राहिलं ते असं : खातं एकाच्या खासगी मेलवर ठेवू नका, बदली झाली की घोळ होतो. वहीच्या फोटोत मुलाचं नाव किंवा चेहरा नको. आमच्यासारखं नेटवर्क असेल तर फाइल हलक्या ठेवा. माझा अनुभव प्राथमिकचा आहे, माध्यमिकला विषयवार विभागणी लागेल. आणि नावाचा नियम पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. साठा वरच्यांच्या नजरेत भरल्यावर तो विषय काढलात तर कुणी ऐकणार नाही.