दक्षिण का हरली?

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात ली यांच्यासारखा सेनापती असून दक्षिण, म्हणजे देशातून फुटून निघालेली गुलामगिरीची राज्यं, हरली कशी?

उत्तर : इतिहास शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी यायचा. ली सरस होते, दक्षिण घरच्या भूमीवर लढत होती, हे खरंच. पण १८६१मध्ये उत्तरेत सुमारे सव्वादोन कोटी माणसं. दक्षिणेत ९० लाख, त्यांतले ३५ लाख गुलाम! ज्यांच्या घामावर कापूस पिकायचा, तीच माणसं संधी मिळताच उत्तरेच्या छावण्या गाठत होती. माझ्या मते दक्षिणेचं खरं दुबळेपण हेच. शिवाय तिथल्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर जागोजागी वेगळं. पोती एका गाडीतून उतरवायची, दुसरीत चढवायची. तोवर आघाडीवर सैनिक उपाशी. उत्तरेला सुरुवातीला खंबीर सेनापती मिळाला नाही. ग्रँट सेनापती म्हणून आल्यावर तीही उणीव भरून निघाली.