वंशावळीचं सॉफ्टवेअर निवडताना

आधी एवढंच बघा: भरलेली सगळी माहिती जेडकॉम (GEDCOM) फाइलमध्ये, म्हणजे वंशावळीची दुसरी सॉफ्टवेअरही वाचू शकतील अशा फाइलमध्ये, बाहेर काढता येते का? येत नसेल तर तक्ते कितीही देखणे असोत, ते घेऊ नका. मी नव्या माणसाला ग्रॅम्प्स (Gramps) हे सॉफ्टवेअर सुचवतो. ते फुकट आहे आणि माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते.

पहिल्याच दिवशी अख्खं घराणं भरायला बसू नका. तुम्ही, आई-वडील, आजी-आजोबा, एवढ्यावर हात बसवा. वडिलांचं नाव मुलाच्या नावात टाइप करू नका. नातं जोडलं की ते दिसतंच. आपल्याकडे खरी गुंतागुंत बायकांच्या नावांची. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं नाव मुख्य ठेवा, सासरचं पर्यायी नाव म्हणून जोडा. सासरचंच ठेवलंत तर पणजीचं माहेर कायमचं हरवतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दत्तक मुलाला दोन्ही घरं जोडता येतात, नात्याचा प्रकार तेवढा बदला.

तुम्ही नाशिकचे असाल तर रामकुंडावर आपल्या घराण्याच्या तीर्थपुरोहितांकडे जा. मूळ गाव आणि आडनाव सांगा. त्यांच्या नामावळीत, म्हणजे येऊन गेलेल्या यजमानांच्या नोंदींच्या वहीत, पूर्वजांचं हस्ताक्षरही सापडू शकतं. परवानगी घेऊन फोटो काढा आणि प्रत्येक नोंदीला तो स्रोत म्हणून जोडा. साल शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत ७९. मूळ मिती टिपणात तशीच लिहा.

जेडकॉममध्ये सहसा फोटो जात नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवा.