सायकल-शंका: नवी चेन का सटकते?

प्रश्न: माझ्या रोड बाईकला मागे ११ कॉगची (दातेरी चकत्यांची) कॅसेट आहे. जुनी चेन मुकाट चालत होती. नवी टाकल्यापासून चढावर जोर लावला की पेडल खटकन सटकतं, तेही मागच्या दोन-तीन लहान कॉगवरच. मोठ्या कॉगवर काहीच त्रास नाही. चेन सदोष निघाली असेल का?

उत्तर: चेन बहुधा ठीक आहे, झिजली आहे ती कॅसेट. नव्या चेनच्या लगतच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्यावर फिरणारा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात थोडी जागा होते आणि चेन लांबते. लांबलेली चेन दात्यांवर जरा वर चढून बसते आणि खोबणी आपल्या मापाच्या करून घेते. त्या दोघी एकमेकींना सरावलेल्या होत्या, म्हणून आवाज नव्हता. नव्या चेनचे रोलर त्या खोबणीत नीट बसत नाहीत. सगळा भार एक-दोन दात्यांवर येतो आणि चेन त्यांच्यावरून उडी मारते. लहान कॉगवर भार वाटून घ्यायला दातेच कमी, म्हणून ते आधी जातात.

तरीही कॅसेट विकत घेण्याआधी बाकीच्या शक्यता काढून टाका. पेडल हळू उलटं फिरवत डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) खालच्या पुलीकडे बघा. जोडताना एखादी कडी घट्ट राहिली असेल तर ती तिथून जाताना टुणकन उडते. अशी चेन ठरावीक अंतराने सटकते. मग मागून बघा, पुल्यांचा पिंजरा कॉगला समांतर आहे ना? सायकल उजवीकडे आपटली असेल तर डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो आणि चेन शेजारच्या कॉगकडे ओढ घेते. हँगर वाकलेला असताना डिरेलरचे स्क्रू पिळत बसू नका. फ्रीहब, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा कॅसेटखालचा भाग, सटकत असता तर सगळ्याच गिअरमध्ये सटकला असता, म्हणून तुमच्या बाबतीत तो संशय जवळपास मिटला.

जुनी चेन टाकून दिली नसेल तर पोलादी पट्टीने मापा. चेन ताठ धरून एका पिनच्या मध्यावर शून्य लावा. नव्या चेनची तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच, म्हणजे सुमारे दीड मिमी पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली. ११ आणि १२ कॉगच्या चेनला हीच बदलायची वेळ. १/८ इंच पुढे असेल तर चेनने कॅसेटही सोबत नेली असं समजा. चेनमध्ये अडकवायची अनेक स्वस्त मापकं रोलरची ढिलाईही झिजेत धरतात आणि चेन आहे त्याहून जुनी दाखवतात. मला पट्टीवर जास्त भरवसा वाटतो.

नुसते दाते बघून कॅसेटचा निकाल लावू नका. गिअर सहज पडावा म्हणून काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरपे केलेले असतात. जोर लावल्यावर नवी चेन टिकते का, हीच खरी परीक्षा. नवी कॅसेट बसवताना ती धरून ठेवणारी लॉकरिंग साधारण ४० न्यूटन-मीटरने आवळा; ढिली राहिली तर कॉग हलतात आणि ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर खाचा पाडतात.

प्रश्न: मागच्या चाकाचे डावीकडचे स्पोक एकामागून एक तुटत आहेत, नेहमी हबजवळच्या वाकावर. दर वेळी स्पोक बदलून आउट काढून, म्हणजे चाक सरळ करून घेतो. माझ्या वजनामुळे होत असेल का?

उत्तर: दोष बहुतेक वेळा ढिलाईचा असतो. कॅसेटला जागा द्यायला उजवीकडचे स्पोक जास्त उभे बसतात आणि जास्त ताणले जातात. डावीकडे ताण बराच कमी, कित्येकदा निम्म्याच्या आसपास. चाक फिरताना जमिनीकडे आलेला स्पोक क्षणभर सैल होतो. आधीच ढिला असलेला पूर्ण सैल पडून पुन्हा ताणला जातो आणि हजारो फेऱ्यांनंतर वाकावर थकून तुटतो.

शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून ताण तपासा, पण तुलना एकाच बाजूच्या स्पोकांची करा. सगळा ताण वाढवायचा तर उजवीकडून सुरुवात करा, निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाची नट) एका वेळी पाव फेरा, रिमच्या कमाल ताणाची मर्यादा सांभाळून. चाक मध्यावर राखताना डावी बाजूही आपोआप ताणली जाते. एवढे तुटल्यावर मात्र डावीकडचे सगळेच बदला. उरलेलेही तितकेच थकले आहेत. त्याआधी रिम बघा. निपलच्या भोकांभोवती भेगा असतील, किंवा रिम ब्रेकच्या पट्ट्यावर सरळ पट्टी धरल्यावर मध्ये खळगा दिसत असेल, तर त्या रिमवर स्पोक वाया घालवू नका.

प्रश्न: पाय थांबवले की वरची चेन लोंबते आणि पेडल आपोआप पुढे ढकललं जातं.

उत्तर: फ्रीहब जड फिरतो आहे. उघडून जुनं ग्रीस आणि माती धुवा, स्प्रिंगवरच्या खिट्ट्यांना पातळ तेल किंवा फ्रीहबचं खास पातळ ग्रीस लावा. बेअरिंगचं घट्ट ग्रीस तिथे भरू नका. त्यात खिट्ट्या चिकटून बसतात, दात्यांत वेळेवर पडत नाहीत आणि उभं राहून पेडल मारताना पाय एकदम खाली जातो.