छोटा सचित्र शब्दखेळ मुलांना दाखवावा का?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळातील मुलांना १९८० चा ‘मिस्टरी हाउस’ हा संगणकखेळ दाखवण्याचा विचार आहे. त्याचे गुणदोष कृपया सांगाल का? – एक वाचिका, सोलापूर

उत्तर : अवश्य दाखवावा. केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने ‘ॲपल टू’ या घरगुती संगणकासाठी केलेल्या या खेळात ७० हून अधिक रेखाचित्रे आहेत, पूर्ण चित्रांऐवजी रेषा कशा ओढायच्या याच्या सूचनाच साठवल्यामुळे ती एका फ्लॉपीत, म्हणजे माहिती साठवण्याच्या छोट्या तबकडीत, मावली, आणि जागेच्या टंचाईतून काढलेली ही वाट मला त्याचे सर्वांत मोठे यश वाटते. माणसांच्या आकृत्या मात्र फारच ओबडधोबड आहेत.

खरी उणीव भाषेची आहे. चित्र समोर असल्याने वर्णन अगदी त्रोटक झाले आहे. शिवाय पुढे काय करायचे याची आज्ञा इंग्रजीत, एकदोन शब्दांतच टंकून द्यावी लागते आणि खेळाला अपेक्षित क्रियापद न सुचल्यास योग्य विचार करणारे मूलही अडून बसते. सोलापुरात घरी मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांना हे अधिक जाचेल, म्हणून नेहमीच्या आज्ञा आधीच फळ्यावर लिहून द्याव्यात. कथेत खून आहेत. त्यामुळे अगदी लहानांना बसवू नये.